अज्ञान, वय वर्षं नऊ

रिफंड आला तेव्हा मी मिरजेच्या लॅबमध्ये
दुसऱ्यांची रक्तं मशीनमध्ये लावत होते.
मोबाइल दोनदा थरथरला.
पहिला मेसेज : एकवीस हजार सहाशे जमा.
दुसरा, चारच मिनिटांनी : खात्यावर रोक.

वर्षभर माझ्या मानधनातून दहा-दहा टक्के कापलेले,
शेटे सीएंनी शंभरची सूट देऊन परत मिळवलेले,
मनातल्या मनात मी तीनदा खर्चून झालेले :
चष्मा, गिझर,
आणि उरलेच तर गणपती पेठेतली ती जांभळी इरकल,
जिला दिवाळीत नुसता हात लावून आले होते.

बँकेतले मॅनेजर हळू बोलले,
आयसीयूबाहेर बोलतात तसे.
"खातं जॉइंट आहे ना वहिनी. कोर्टाचं पत्र आलंय.
साहेबांची पोटगीची थकबाकी."
मागे पासबुक भरायला उभा असलेला हमाल,
हळदीनं पिवळी झालेली बोटं,
आदबीनं भिंतीवरचे व्याजदर वाचायला लागला.

पत्राची झेरॉक्स दिली.
अर्जदार एक : त्रिशला. नावापुढे अजून भरतेशच.
अर्जदार दोन : कु. सन्मती, वय वर्षं नऊ,
अज्ञान, अ.पा.क. आई.

अज्ञान.
कोर्ट लहान मुलांना असं म्हणतं.
तिला तर सगळं ठाऊक असणार :
कुठल्या महिन्यात पैसे आले नाहीत,
रिक्षावाल्या मामांना आई दारातून काय सांगते,
आणि मी कोण.
अज्ञान मी होते, वय वर्षं एक्केचाळीस.
लग्नाआधी भरतेश म्हणाले होते, "ते सगळं मिटलंय."
काय मिटलंय, मी विचारलं नाही.
डोळेही मिटतातच की.

रात्री त्यांनी भाकरीचे तुकडे केले आणि खाल्ले नाहीत.
"कुपवाडला ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हापासून..."
"तेव्हापासून म्हणजे किती?"
चौदा महिने. साडेतीन हजारांप्रमाणे.
कॅलेंडरच्या पाठीवर मी गुणाकार केला : एकोणपन्नास हजार.
चौदा महिने मागे गेलं
की आमच्या फ्रिजचा पहिला हप्ता लागतो.
साडेतीन नव्हता तो, बत्तीसशे होता.
एवढा फरक मी स्वतःला देऊन बघितला.
फ्रिज घरघरला, मग गप्प झाला.

मुजावर वकीलबाईंचं सरळ आहे :
"देणं त्यांचं, कमाई तुमची.
टीडीएस कुणाच्या पॅनवर कापलाय, ते कागदच बोलतील.
अर्ज टाकू. पैसे सुटतील, फक्त वेळ लागेल."
मी सही केली. खोटं कशाला बोलू, लगेच केली.
ते पैसे माझेच आहेत.
नळ्यांवरच्या नंबरांसाठी चष्मा मला लागतोच.

मग विजयनगरच्या कोर्टासमोर, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी,
कागद हातभर लांब धरून वाचला.
वर माझं नाव, अर्जदार.
खाली विरुद्ध.
जाबदार एक : भरतेश. म्हणजे माझाच नवरा,
ज्याच्या डब्यात सकाळी मी दोडका दिला होता.
जाबदार दोन : त्रिशला.
जाबदार तीन : कु. सन्मती, वय वर्षं नऊ.

रस तसाच ठेवून परत जिना चढले.
"मॅडम, हिचं नाव काढता येईल का?"
"कसं काढणार? हुकूम तिच्याच नावचा आहे.
नुसती पद्धत असते हो ती."
त्या दुसऱ्या फाइलीची दोरी सोडत होत्या.
"तारखेला ती येईल?"
"छे. अज्ञान असतात. आणत नाहीत."